वार्षिक अहवालातला शेवटचा रकाना

पाळकसाहेब,
तुमचा छापील फॉर्म मिळाला.
नावेतून आला, म्हणून एका कोपऱ्याला मासळीचा वास आहे.
बाळंतपणं तीनशे बारा. हर्निया एकेचाळीस.
मलेरिया मोजणं पावसाळ्यात सोडून दिलं.
हे सगळं भरलंय.
राहिला तो शेवटचा रकाना:
विश्वासात झालेली वाढ, थोडक्यात.

थोडक्यात नाही जमणार.

बांगवेउलूचं पाणी संपतं कुठे
आणि आभाळ लागतं कुठे
हे इथल्या नावाड्यांनाही सांगता येत नाही.
पहिल्या वर्षी मला ते सुंदर वाटायचं.
दुसऱ्या वर्षी त्याची भीती वाटू लागली.

मार्चमधली रात्र.
चिलेशे, वय चार,
बेटावरून सहा तास वल्हवत आणलेला.
पापणी उलटून पाहिली तर आत कागद.
फ्रिजमध्ये त्याच्या गटाची पिशवी नव्हती.
माझं जुळत होतं. दिलं.
डिझेल संपलेलं,
म्हणून न्कांडू टॉर्च धरून उभा,
हात बदलत, पण उजेड न हलवता.
पहाटे चारला पोराने पाणी मागितलं.
साडेचारला मागितलं नाही.

त्यानंतर मी प्रार्थना केली नाही.
हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं का, ठाऊक नाही.
सकाळच्या उपासनेत ओठ हलवायचे,
स्तोत्र घशातून उतरायचं
बिनपाण्याच्या गोळीसारखं.

आठव्या दिवशी त्याची आई आली.
बाना चिलेशे.
इथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात
आणि मूल गेलं
तरी नाव परत घेत नाहीत.

मला वाटलं, जाब विचारायला आली.
मी उत्तरं जुळवून ठेवली:
हिमोग्लोबिन, अंतर, झालेला उशीर.
तिने चपला दाराशी काढल्या,
समोर जमिनीवर बसली,
हलक्या दोन टाळ्या वाजवल्या, पोकळ ओंजळीच्या,
आणि म्हणाली, मुकोसे.

धीर धर, असा त्याचा अर्थ.
मयताच्या घरच्यांना म्हणतात.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.
न्कांडू खिडकीबाहेर बघत म्हणाला,
ती म्हणते, तुझं रक्त होतं त्याच्यात,
तेव्हा सुतक तुलाही आहे.
तुला भेटायला कुणी आलं नसेल,
म्हणून ती आली.

आमच्याच दवाखान्याच्या
गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात
तिने कसाव्याचं पीठ आणलं होतं.
न्कांडूने चूल पेटवली.
एका ताटात तिघांनी खाल्लं.
जेवणाआधी डोळे मिटायला मी विसरले.
ती विसरली नाही.

मग काय झालं, असं विचाराल.
काही झालं नाही. जून आला.
थंडी, धुकं, खोकणारी म्हातारी माणसं.
आंब्याखाली गुरुवारचं वजन,
फांदीला काटा, काट्याला झोळी,
झोळीत मुतालेची सहा महिन्यांची पोरगी.
मी आकडा वाचायला खाली वाकले
आणि तिने नेम धरून
माझा चष्मा, नोंदवही, शाई
सगळं एका धारेत धुऊन काढलं.

रांगेत शांतता.
डॉक्टरीणबाईंना हसावं की नाही, कुणाला कळेना.
आधी हसली ती बाना चिलेशे,
पोट धरून, झाडाला टेकून.
मग मी.
मग चाळीस बाया.
कोंबड्या पळाल्या.
चष्मा पुसता पुसता
मी मोठ्याने म्हटलं, देवा,
नुसतं तेवढंच, मराठीत,
तीन महिन्यांत पहिल्यांदा.

ह्याला वाढ म्हणतात की नाही, तुम्ही ठरवा.
मी रकाना रिकामा ठेवलाय.
पाठीमागे मात्र नीट वाचा:
डिझेल. लहान मुलांच्या सुया.
रक्ताच्या पिशव्या, जमतील तेवढ्या.
आणि एक चष्मा, जुनाच नंबर.

न्कांडू हाका मारतोय, नाव सुटतेय.
आज वल्ह्यावर तीच आहे.
पाकिटाला वास लागला तर
राहू द्या.